तीस वर्षे थांबण्याची तयारी

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या मेजावर दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असत. एक लाकडी ताट. त्याला गोल भोके पाडलेली आणि प्रत्येक भोकात बोटाएवढी काचेची पेली. दुसरा एकच मोठा, पायाचा, चांदीचा मुलामा दिलेला प्याला. दोन्हींत रस तोच, काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, पंच्याने गाळलेला. आदल्या संध्याकाळी पाळकीणबाईंच्या स्वयंपाकघरात तो तयार होई आणि घरभर त्याचा गोडसर वास पसरे. महिन्याच्या पहिल्या रविवारी काही जण मेजाजवळ गुडघे टेकून प्याल्यातून घेत, तर बाकीच्यांना बाकावर बसल्या जागी वडील मंडळी पेल्यांचे ताट फिरवीत. लहानपणी मला वाटे, सगळ्याच चर्चमध्ये असेच असते.

तसे नव्हते. नगर जिल्ह्यात दोन मिशनांनी काम केले. १८३१पासून अमेरिकन मराठी मिशनने, आणि पुढे एस.पी.जी. या अँग्लिकन मिशननेही. एकाच्या मंडळ्यांत बिशप नाही, छापील प्रार्थनापुस्तक नाही, कारभार पंचांचा. दुसऱ्याच्या मंडळ्यांत बिशप आहे, पुस्तक आहे, गुडघे टेकणे आहे. वाडीतली माणसे तीच, भाषा तीच, सोयरिकी एकमेकांत, पण रविवारी दोन वाटा. "आम्ही अमेरिकन मिशनचे, ते एस.पी.जी.चे" हे वाक्य मी म्हाताऱ्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकले आहे. १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात कागदावर दोन्ही एक झाली. मेजावर एक व्हायला मात्र वेळ लागला.

आमच्या मंडळीत प्याल्यावरून वाद पेटला, तेव्हा मी बैठकीत पाण्याचे तांबे नेऊन देण्याच्या वयाचा होतो. एका प्याल्याला इतक्यांनी तोंड लावणे एका बाजूला मान्य नव्हते, तर दुसऱ्या बाजूला पेल्यांत प्रभुभोजनाचा अर्थच हरवतो असे वाटे. तीन बैठका झाल्या. तिसरीत कोणी तरी म्हणाले, "पाळकसाहेब, मत घ्या आणि एकदाचा निकाल लावा." पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मत घेतलं तर आज बावीस जण जिंकतील आणि अठरा जण उठून घरी जातील. मला चाळीसही मेजाशी हवेत." त्या महिन्यापासून प्याला आणि पेल्या शेजारी शेजारी आल्या. पाळकसाहेब स्वतः प्याल्याच्या परंपरेतले, पण पहिल्या रविवारी त्यांनी पेलीतून घेतले. ते आमच्याकडे नऊ वर्षे होते. त्यांच्या काळात एकही घर मंडळी सोडून गेले नाही.

त्या दिवशीचा त्यांचा निर्णय मला वर्षानुवर्षे एका शहाण्या माणसाची समयसूचकता वाटत आला. पुढे चर्च ऑफ साउथ इंडिया आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांच्या जन्माचा इतिहास वाचला तेव्हा कळले की पाळकसाहेब त्या इतिहासातली एक अट पाळत होते. त्या अटीची आणि ती घालणाऱ्या माणसांची ओळख करून देण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

गोष्ट सुरू होते तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, तरंगंबाडीला. १७०६मध्ये भारतातले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी झीगेनबाल्ग आणि प्लुच्छाउ याच बंदरात उतरले होते. १९१९च्या मे महिन्यात तिथे ३३ सेवक, म्हणजे अभिषिक्त पाळक, जमले. जवळजवळ सगळे भारतीय. काही अँग्लिकन, काही साउथ इंडिया युनायटेड चर्चचे, म्हणजे १९०८मध्ये एकत्र आलेल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचे. त्यांचे दुखणे साधे होते. मिशनांनी आपापसांत जिल्हे वाटून घेतले होते, त्यामुळे कोण कुठल्या पंथाचा हे त्याच्या श्रद्धेने ठरत नसे, तालुक्याने ठरे. इंग्लंड-स्कॉटलंडमधली जुनी भांडणे, ज्यांत इथल्या कोणाचाच हात नव्हता, त्यांच्या भिंती तेलुगू आणि तामिळ शेतकऱ्यांच्या घरांमधून गेल्या होत्या. सख्खे मित्र एकत्र प्रार्थना करीत, पण प्रभुभोजनाला एका मेजाशी बसू शकत नसत.

या बैठकीतले प्रमुख नाव वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांचे. १८७४चा जन्म, तिरुनेलवेलीकडचे. १९१२मध्ये कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांचा अभिषेक झाला आणि ते भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. दोर्नकल हा त्यांचा धर्मप्रांत, निजामाच्या मुलखातला, खेड्यापाड्यांचा आणि बहुतांशी दलितांचा. १९१०च्या एडिंबरो परिषदेत मिशनऱ्यांनी आम्हाला मित्र म्हणून वागवावे असे भर सभेत सांगणारा हाच माणूस. दोर्नकलला त्यांनी बांधलेल्या कॅथेड्रलमध्ये देवळाचे खांब आणि मशिदीचे घुमट एकत्र नांदतात. मला त्यांच्यात सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे चिवट बसणे. १९२०पासून दोन्ही बाजूंची संयुक्त समिती बसू लागली. पुढे वेस्लियन मेथडिस्टही तीत आले. एकीकरणाची पहिली योजना १९२९मध्ये छापून आली. मग हरकती, दुरुस्त्या, पुन्हा छपाई, पुन्हा हरकती. विषय एकच आणि अवघड: बिशप.

अँग्लिकन म्हणत, बिशपाच्या हाताने अभिषेक झाल्याशिवाय सेवक पूर्ण अर्थाने सेवक नाही. बाकीचे म्हणत, मग आमच्या बापजाद्यांनी, आमच्या पाळकांनी आयुष्यभर दिलेले प्रभुभोजन काय खोटे होते? या प्रश्नाला मधले उत्तर नाही. तडजोडीची भाषा इथे थिटी पडते, कारण कोणी तरी एकाने आपल्या पाळकाच्या कबरीवर जाऊन "तू पाळक नव्हतास" असे म्हणावे, अशीच ती मागणी होती.

तरीही वाट निघाली. ती या माणसांनी कशी काढली, ते थोडे सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट, बिशप असतील, आणि ते मंडळ्यांनी निवडलेले, घटनेने बांधलेले असतील. पण बिशपपदाचा अमुकच अर्थ मानला पाहिजे अशी सक्ती कोणावर नाही. दुसरी, आज जे सेवक आहेत ते सगळे जसे आहेत तसे स्वीकारले जातील, कोणाचाही पुन्हा अभिषेक होणार नाही. तिसरी, यापुढे नव्या सेवकांचा अभिषेक बिशपांच्या हातून होईल. म्हणजे एका पिढीत, कोणाचाही अपमान न होता, दोन प्रवाह आपोआप एक होतील. त्यासाठी ३० वर्षांची मुदत ठेवली. राहिलेल्या अपवादांचा विचार त्यानंतर. आणि चौथी, जिला ते 'वचन' म्हणत: ज्या उपासनापद्धतीची किंवा ज्या प्रकारच्या सेवकाची एखाद्या मंडळीला सवय नाही किंवा ज्याला तिचा सदसद्विवेक हरकत घेतो, ते तिच्यावर कधीही लादले जाणार नाही.

आमच्या पाळकसाहेबांनी प्याला आणि पेल्या शेजारी ठेवल्या, त्यामागचे मर्म हेच वचन.

यात पुढाऱ्यांना काय द्यावे लागले, हेही पाहायला हवे. दक्षिणेतले चार अँग्लिकन धर्मप्रांत या एकीकरणासाठी आपल्या जागतिक परिवाराबाहेर पडले. इंग्लंडमधल्या जुन्या वळणाच्या मंडळींनी प्रचंड विरोध केला. कवी टी. एस. एलियट यांनी १९४३मध्ये या योजनेविरुद्ध पुस्तिका लिहिली, इतका तो विषय तापला होता. दुसऱ्या बाजूच्या कितीतरी सेवकांना बिशप हा शब्दच नकोसा होता, त्यांनी तो मानला. अझरिया १ जानेवारी १९४५ला वारले. त्याच महिन्यात अँग्लिकन महासभेने एकीकरणाला परवानगी दिली. २५ वर्षे ज्याच्यासाठी बैठकांत बसले, ती मान्यता त्यांना काही दिवसांनी हुकली.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी, शनिवारी, मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. देशाला स्वातंत्र्य मिळून सहा आठवडे झाले होते. उत्तरेत फाळणीचे लोंढे चालले होते, आणि इकडे चारशे वर्षे फुटत आलेल्या ख्रिस्ती पंथांतले काही जण परत एका छताखाली येत होते. बिशप असलेल्या आणि नसलेल्या मंडळ्या अशा रीतीने एक झाल्याचे जगातले हे पहिलेच मोठे उदाहरण. त्या दिवशी अभिषेक झालेल्या नव्या बिशपांत ३७ वर्षांचे लेस्ली न्यूबिगिन होते. ते स्कॉटलंडच्या चर्चचे, म्हणजे बिशप न मानणाऱ्या परंपरेचे. त्यांना मदुराईकडचा धर्मप्रांत मिळाला.

स्कॉटलंडचे नाव आले म्हणून उलटे उदाहरणही सांगतो, कारण त्याचा धक्का थेट मुंबईला बसला होता. १८४३च्या मे महिन्यात एडिंबरोमध्ये स्कॉटलंडचे चर्च उभे चिरले. वाद होता, मंडळीवर पाळक नेमण्याचा अधिकार गावच्या जमीनदाराचा की मंडळीचा. न्यायाची बाजू मंडळीची होती असे मला वाटते. पण सरकार आणि कोर्ट हटून बसले, चर्चमधला एक गटही हटून बसला, आणि सुमारे एक तृतीयांश सेवक सभा सोडून चालते झाले. त्यांनी फ्री चर्च काढले. भारतातले सगळे स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने गेले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांना उभारलेली इमारत, ग्रंथालय, प्रयोगाची साधने सोडून नव्याने सुरुवात करावी लागली. मुंबईत जॉन विल्सन यांच्यावरही आपली शाळा दुसऱ्या जागी हलवण्याची पाळी आली. तीच पुढे विल्सन कॉलेज झाली. जमीनदार हजारो मैलांवर, त्याची जमीन तिकडे, पण मुंबईतल्या पोरांची शाळा हलली. त्या दोन फळ्या पुन्हा जुळायला १९२९ साल उजाडले. ८६ वर्षे.

मंडळी फुटण्याची कारणे मोठी असावी लागत नाहीत. पहिल्या मंडळीतही पहिला तंटा जेवणावरून झाला. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तो आहे. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, अशी कुरकुर सुरू झाली. वाटप हिब्रू बोलणाऱ्यांच्या हातात होते. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही आणि चौकशी समिती नेमून वेळही काढला नाही. सगळ्या मंडळीला बोलावले आणि सांगितले, तुमच्यातले सात जण तुम्हीच निवडा, वाटप त्यांच्याकडे देऊ. निवडलेल्यांची नावे दिली आहेत: स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन वगैरे. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती सगळ्यांच्या भाकरीची टोपली दिली. पाळकपणाच्या शिक्षणात हा अध्याय सेवेचा धडा म्हणून शिकवतात. माझ्या मते तो तंटा सोडवण्याचा धडा आहे, आणि आपल्याकडच्या पाळक समित्यांनी तो दर निवडणुकीपूर्वी मोठ्याने वाचावा.

उत्तरेची गोष्ट आणखी लांबली. लखनौला १९२९मध्ये पहिली चर्चा झाली, १९५१मध्ये वाटाघाटी समिती आली, योजनेची चौथी आवृत्ती १९६५मध्ये छापली गेली. इथे बिशपच्या जोडीला बाप्तिस्म्याचाही प्रश्न होता. बाप्टिस्ट आणि इतर काही मंडळ्या तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. मूल मोठे होऊन आपल्या तोंडाने विश्वास सांगेल तेव्हाच देतात. बाकीचे बाळांना देतात. योजनेने दोन्ही पद्धती मान्य केल्या आणि एक नाजूक सोय केली: बाळाला बाप्तिस्मा देणे ज्या पाळकाच्या मनाला पटत नाही, त्याच्यावर सक्ती नाही. त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावे. आईबापांचाही मान राहिला आणि पाळकाच्या मनाचाही.

सेवकांच्या बाबतीत उत्तरेने दक्षिणेपेक्षा वेगळा मार्ग धरला. सगळ्या चर्चच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, की ज्याच्यात जे उणे असेल ते देवाने द्यावे. कोणात काय उणे आहे, हे कोणीच बोलायचे नाही. हा पुन्हा अभिषेक आहे की नाही, याचे उत्तर मुद्दाम देवावर सोडले. धर्मपंडितांना ही पळवाट वाटली. मला ती नम्रता वाटते. स्वतः बिशप असलेल्या माणसाने, आपल्यात काही उणे असू शकते असे मान्य करून दुसऱ्यापुढे डोके वाकवायचे, ही सोपी गोष्ट नाही.

२९ नोव्हेंबर १९७०, रविवार, नागपूर. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्च एक झाली: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४पासून युनायटेड चर्चमध्ये होत्या, त्यामुळे आमचे नगरचे बाक या दिवशी नव्या घरात आले. सातवे, मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया, वाटाघाटींत शेवटपर्यंत होते आणि ऐन वेळी बाहेर राहिले. पुढे १९८१मध्ये ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया झाले. मेज मांडून झाल्यावर पाहुणा फिरला तर घरचा यजमान चिडतो. इथे बाकीच्या सहांनी तारीख बदलली नाही आणि कडवटपणाही धरला नाही.

मोठ्या सभेतली एकी गावच्या मंडळीत आपोआप उतरत नाही. इथे मला अभिमानाबरोबर खंतही बोलून दाखवली पाहिजे. आज आपल्याकडे मंडळ्या फुटतात त्या प्याल्यावरून नाही, बाप्तिस्म्यावरूनही क्वचितच. त्या फुटतात मिशनच्या जमिनीवरून, कंपाउंडातल्या गाळ्यांच्या भाड्यावरून, पाळकाच्या बदलीवरून आणि समितीच्या निवडणुकीवरून. मी स्वतः एका मंडळीचे हिशेब पाहायला बसलो आहे. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती नव्हत्या, मागच्या चार वर्षांचे इतिवृत्त एका माजी सचिवाच्या घरी होते आणि तो ते द्यायला तयार नव्हता. पैसे कोणी खाल्ले नव्हते, हे शेवटी सिद्ध झाले. पण तोवर वाडीतली अकरा घरे वेगळी उपासना करू लागली होती, आणि ती आजही वेगळी आहेत. त्या मंडळीत चार वर्षांत तीन पाळक बदलले होते. दप्तर सांभाळणारे कोणी टिकलेच नव्हते.

स्थिर नेतृत्व म्हटले की लोकांना खणखणीत आवाजाचा, खंबीर पाळक आठवतो. मला आठवतो तो टिकून राहिलेला माणूस, ज्याला कुठल्या घरात कोणाचे कोणाशी वाजले आहे हे माहीत असते, जो दानार्पणाची मोजदाद दोन पक्षांच्या दोन माणसांसमोर करतो आणि त्याच दिवशी वहीत लिहितो. दप्तर ही सुद्धा पाळकाची सेवाच आहे. गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३मध्ये न्यायालयाने म्हटले की, केवळ एकीकरणाचा ठराव झाला म्हणून विश्वस्त संस्थेची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. १९७०ला मने जुळली होती, पण कागद त्या मनांच्या मागे राहिले होते. केरळात मलंकरा चर्चच्या दोन गटांचा तंटा शंभर वर्षांहून जुना आहे. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तरी चर्चच्या दारात पोलीस उभे राहण्याचे प्रसंग संपले नाहीत. निकालाने कुलूप उघडते. आत एका बाकावर बसायला माणसे मात्र न्यायालय आणू शकत नाही.

कवी नारायण वामन टिळकांची आठवण इथे होतेच. मिशनच्या कारभारावर त्यांच्याइतकी तळमळून टीका मराठी ख्रिस्ती समाजात क्वचित कोणी केली असेल. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी. त्यांच्या शब्दाला मराठी मंडळ्यांत केवढे वजन होते! मनात आणले असते तर त्यांनी मंडळ्यांतून माणसे काढून आपला वेगळा पंथ थाटला असता. त्यांनी तो काढला नाही. दरबार मंडळीच्या विरोधात उभा राहू नये, हे त्यांनी सांभाळले. दोन वर्षांनी ते गेले. त्यांची गीते आजही सगळ्या पंथांच्या मराठी मंडळ्यांत एकाच चालीवर गायली जातात.

आता दक्षिणेतली एक राहिलेली गोष्ट. १९४७मध्ये सगळे आले नव्हते. दोर्नकल धर्मप्रांतातला, म्हणजे अझरियांच्याच मुलखातला, आंध्रातला नंद्यालचा भाग बाहेर राहिला. तिथल्या हजारो लोकांना आपली अँग्लिकन ओळख सोडायची नव्हती. एस.पी.जी.शी त्यांचे नाते जुने होते आणि मन मानत नव्हते. बहुमत दुसऱ्या बाजूचे होते. पण वचन दिलेले होते, जे मनाला पटत नाही ते लादायचे नाही. नंद्यालच्या मंडळ्यांना त्यांच्या वाटेने राहू दिले. १९६३मध्ये त्यांचा वेगळा अँग्लिकन धर्मप्रांतही झाला.

तरंगंबाडीच्या बैठकीपासून मद्रासच्या कॅथेड्रलपर्यंत २८ वर्षे लागली होती. नंद्यालचा धर्मप्रांत चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये आला तो १९७५मध्ये, त्यानंतर आणखी २८ वर्षांनी. ठरवलेली ३० वर्षांची मुदत संपायला अजून दोन वर्षे बाकी होती.